पन्नास सह्यांचे मुखत्यारपत्र

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील रयतेला मत नव्हते. कायदेमंडळात बसणारे मूठभर हिंदी गृहस्थ सरकारनेच निवडलेले असत. १८५७च्या उठावाला जेमतेम एक तप उलटले होते आणि राज्यकर्त्यांच्या मनातील संशय विरला नव्हता. अशा काळात, २ एप्रिल १८७० रोजी पुण्यात एक संस्था स्थापन झाली. तिच्या सभासदत्वासाठी घातलेली अट त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. केवळ वर्गणी भरून किंवा घराण्याच्या नावावर सभासद होता येत नव्हते. किमान पन्नास प्रौढ माणसांनी सह्या करून दिलेले मुखत्यारपत्र जो आणील, तोच सभासद. जात कोणतीही असो, धर्म कोणताही असो, पन्नास माणसांचा विश्वास मात्र कागदावर दिसला पाहिजे. ही संस्था म्हणजे पुण्याची सार्वजनिक सभा आणि तिच्यासाठी अहोरात्र झटणारा वकील म्हणजे गणेश वासुदेव जोशी. पुणेकरांनी त्यांना दिलेले नाव त्यांच्या मूळ नावापेक्षा मोठे ठरले. ते सर्वांचे सार्वजनिक काका झाले.

काकांचा जन्म १८२८ सालचा, साताऱ्याचा. मराठी राज्य बुडून तेव्हा दहाच वर्षे झाली होती. साताऱ्याच्या गादीवर छत्रपती होते, पण सत्ता इंग्रज रेसिडेंटच्या हाती गेली होती. ज्या शहरात राज्याच्या आठवणी अजून ताज्या होत्या, तेथे त्यांचे बालपण गेले. पुढे ते पुण्यास आले. काही काळ सरकारी कचेरीत नोकरी केल्यावर त्यांनी वकिलीची परीक्षा दिली आणि त्या व्यवसायात जम बसवला. त्या काळचा वकील म्हणजे नव्या राज्ययंत्रणेची भाषा जाणणारा माणूस. अर्ज कसा लिहावा, कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमावर बोट ठेवावे, कोणत्या अधिकाऱ्याकडे दाद मागावी, हे त्याला ठाऊक असे. सामान्य माणूस कचेरीच्या पायरीवर गोंधळून उभा राही. वकील मात्र आत जाऊन बोलू शके. या ज्ञानावर पैसा आणि प्रतिष्ठा मिळवणारे पुण्यात अनेक होते. काकांनी तेच ज्ञान शहराच्या आणि पुढे साऱ्या प्रांताच्या कामी लावले, आणि त्याबद्दल कोणाकडून मेहनताना घेतला नाही.

सभेच्या जन्माचे निमित्त मोठे राजकीय नव्हते. पेशव्यांनी उभारलेल्या पर्वतीच्या देवस्थानाला सरकारकडून नेमणूक मिळत असे आणि त्याचा कारभार पंच पाहत. या कारभाराविषयी पुण्यात असंतोष होता. मंदिर लोकांच्या श्रद्धेचे, पैसा देवस्थानाच्या हक्काचा, मग हिशेब कोणी कोणाला द्यायचा, असा हा वाद होता. तक्रार करणारे पुष्कळ होते. पण तक्रार घेऊन जाणाऱ्याला लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार कोणी दिला, हा प्रश्न पुढे येताच बोलणे खुंटत असे. चार प्रतिष्ठित गृहस्थ एकत्र आले म्हणजे ते शहराचे प्रतिनिधी होतात काय? या प्रश्नाला त्या काळच्या संस्थांकडे समाधानकारक उत्तर नव्हते. १८५२ सालीच मुंबईत बॉम्बे असोसिएशन आणि पुण्यात डेक्कन असोसिएशन निघाली होती. पण अशा संस्था बहुतांशी धनिकांच्या व विद्वानांच्या. ते बोलत ते स्वतःच्या अधिकारावर.

काकांमधील वकिलाने या प्रश्नाचे उत्तर आपल्याच व्यवसायात शोधले. न्यायालयात एक माणूस दुसऱ्याच्या वतीने उभा राहतो, तो पक्षकाराने लिहून दिलेल्या अधिकारपत्राच्या बळावर. ते नसेल तर कितीही विद्वान माणसाचे म्हणणे न्यायाधीश ऐकून घेत नाही. मग जे एका दाव्यात चालते ते साऱ्या शहराच्या दाव्यात का चालू नये? पन्नास माणसांनी एकाला मुखत्यार नेमावे, अशा मुखत्यारांनी एकत्र बसावे आणि सरकारपुढे जावे. सभा उभी राहिली तेव्हा सुमारे सहा हजार लोकांनी निवडलेले पंचाण्णव सभासद तिच्यात होते. जातपात वा पक्षभेद न पाहता लोकहिताचे काम करण्याची शपथ प्रत्येकाला घ्यावी लागे. औंधचे पंतप्रतिनिधी अध्यक्षस्थानी होते. सरदार, इनामदार, सावकार, व्यापारी, वकील, निवृत्त अधिकारी असा सभासदवर्ग होता. सरकारने मताचा हक्क देण्याच्या कितीतरी आधी पुण्याच्या लोकांनी आपसांत निवडणुकीसारखे काहीतरी करून पाहिले होते. लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव यायला अजून बारा वर्षे होती.

पुढच्याच वर्षी, १८७१ साली, महादेव गोविंद रानडे न्यायखात्यातील नेमणुकीवर पुण्यास आले आणि सभेला तिचा मेंदू मिळाला. रानडे सरकारी नोकर. त्यांना उघडपणे सभेचे पुढारीपण घेणे शक्य नव्हते. अर्थशास्त्राचा, इतिहासाचा आणि राज्यकारभाराचा त्यांचा व्यासंग मात्र सभेच्या प्रत्येक कागदात उतरू लागला. या दोघांच्या स्नेहात कामाची एक सुंदर वाटणी होती. रानड्यांनी विचार करावा, मसुदा तयार करावा. काकांनी माणसे जमवावीत, सह्या मिळवाव्यात, गावोगाव जावे, पत्रव्यवहार सांभाळावा, लोकांच्या रोषाला आणि सरकारच्या नजरेला तोंड द्यावे. सीताराम हरी चिपळूणकर आणि शिवराम हरी साठे यांच्यासारखे कार्यकर्ते चिटणिशीचा भार वाहत. इतिहासात रानड्यांचे नाव स्वाभाविकच मोठे झाले. पण विचार माणसांपर्यंत पोहोचवणारा आणि माणसांची दुःखे विचारवंतापर्यंत आणून सोडणारा दुवा नसता, तर त्या विद्वत्तेला पुण्याच्या पेठांत आणि दख्खनच्या खेड्यांत पाय फुटले नसते.

सभेने केलेली मोठी कामे पाहिली की एक पद्धत स्पष्ट दिसते. आधी माहिती गोळा करायची, मग मागणी करायची. १८७२च्या सुमारास सभेने महाराष्ट्रातील शेतकऱ्यांच्या स्थितीची पाहणी हाती घेतली. सारा किती, पीक किती, कर्ज किती, नव्या मोजणीनंतर दर किती वाढले, याची जिल्ह्याजिल्ह्यांतून चौकशी करून अहवाल तयार झाला. ज्या विषयाचे सर्व आकडे आजवर केवळ सरकारच्या दप्तरात असत, त्या विषयावर लोकांनी स्वतःचे आकडे उभे केले, ही घटना साधी नव्हती. आकड्यांना उत्तर आकड्यांनीच द्यावे लागते, आणि म्हणून सरकारला असे अर्ज बाजूला सारणे कठीण जाऊ लागले. पुढे सभेने थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज पाठवून तेथे हिंदुस्थानला प्रतिनिधित्व मिळावे अशी मागणी केली. मागणी मान्य होणार नव्हती. पण ज्या सभागृहात आपल्या कराचा आणि कायद्याचा निकाल लागतो तेथे आपला माणूस असावा, हा विचार पुण्यात उघडपणे मांडला गेला, हे त्या अर्जाचे महत्त्व.

याच काळात काकांनी स्वतःवर एक व्रत लादून घेतले. जानेवारी १८७२ मध्ये त्यांनी स्वदेशी वस्तूच वापरण्याची आणि हातसुताचे कापड नेसण्याची प्रतिज्ञा केली. रानड्यांच्या व्यापारविषयक व्याख्यानांनी देशाच्या दारिद्र्याची कारणे पुण्यापुढे मांडली होती. परदेशी मालाने देशी कारागीर देशोधडीला लागतो, हे श्रोत्यांना पटत होते. पण पटणे वेगळे आणि अंगावरचे वस्त्र बदलणे वेगळे. मॅंचेस्टरचे तलम, स्वस्त कापड बाजारात सहज मिळत असताना जाडाभरडा कपडा घालून न्यायालयात आणि समारंभात वावरणाऱ्या वकिलाकडे लोक कोणत्या नजरेने पाहत असतील, याची कल्पना करता येते. काकांनी त्याची पर्वा केली नाही. देशी व्यापाराला उत्तेजन देण्यासाठी त्यांनी मंडळ काढले. शाई, साबण, मेणबत्त्या, छत्र्या अशा रोजच्या वापराच्या वस्तू देशातच तयार व्हाव्यात म्हणून प्रयत्न केले आणि त्या विकण्यासाठी निरनिराळ्या शहरांत दुकाने निघावीत यासाठी खटपट केली. हे प्रयोग व्यापार म्हणून फार टिकले नाहीत. तथापि बंगालच्या फाळणीनंतर १९०५ साली देशभर पेटलेली स्वदेशीची चळवळ आणि त्यानंतर गांधीजींनी घरोघरी नेलेली खादी यांच्या कितीतरी आधी पुण्यातील एका वकिलाने ही वाट चोखाळली होती.

१ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत भरलेला दरबार हा काकांच्या आयुष्यातील सर्वांत परिचित प्रसंग. व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यासाठी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी तो थाटात भरवला. राजेरजवाडे जरतारी पोशाखांत, जडजवाहिरांनी मढून आले होते. त्या झगमगाटात सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून काका पांढऱ्या शुभ्र खादीच्या साध्या वेषात उभे राहिले. सभेच्या वतीने त्यांनी जे निवेदन नेले होते, त्यात हिंदी लोकांना ब्रिटिश प्रजाजनांच्या बरोबरीचे राजकीय व सामाजिक स्थान मिळावे अशी मागणी होती. भाषा राजनिष्ठेची, अदबीची होती. त्या काळच्या सर्वच अर्जांची भाषा तशी असे. आशय मात्र बरोबरीच्या हक्काचा होता. संस्थानिक तेथे आपापल्या गादीच्या मानाने आले होते. काका आले होते ते सामान्य माणसांच्या सह्यांच्या बळावर.

दिल्लीत हा सोहळा चालू असताना दख्खन दुष्काळाने होरपळत होते. १८७६ साली पावसाने दगा दिला आणि सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, विजापूर या भागांत अन्नान्नदशा झाली. या दुष्काळात सार्वजनिक सभेने जे केले, ते तिच्या इतिहासातील कदाचित सर्वांत मोलाचे काम. सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवली. पाऊस किती झाला, धान्याचा भाव काय, किती माणसे गाव सोडून गेली, दुष्काळी कामांवर काय स्थिती आहे, याची वृत्ते एकत्र करून ती सरकारकडे व वर्तमानपत्रांकडे पाठवली जात. सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणाने खडी फोडणाऱ्या, माती वाहणाऱ्या मजुरांची मजुरी इतकी खाली आणली होती की दिवसाकाठी पौंडभर धान्यावर एका माणसाने कष्टाचे काम करावे अशी अपेक्षा होती. हजारो मजुरांनी कामे सोडली. उपासमारीने मरणाऱ्यांनी काम नाकारावे, हे अधिकाऱ्यांना कटकारस्थान वाटले. सभेने मात्र मजुरांची बाजू मांडली आणि ही मजुरी जगण्यास पुरत नाही हे आकडेवारीने दाखवून दिले. दुष्काळाने लाखो बळी घेतले; सभेच्या अर्जांनी तो थांबला नाही. पण सरकारी अहवालातील मृत्यूंपलीकडे काय घडले, हे नोंदवणारे दुसरे दप्तर या निमित्ताने तयार झाले. पुढच्या वर्षी, १८७८ साली, सभेचे त्रैमासिक सुरू झाले आणि या अभ्यासाला कायमचे व्यासपीठ लाभले.

न्याय मिळवून देण्याचा काकांचा खटाटोप न्यायालयापुरता नव्हता. खटल्यांच्या पायी गरीब माणूस कसा नागवला जातो, हे त्यांनी वकिलीत जवळून पाहिले होते. कोर्टाची फी, साक्षीदारांचा खर्च, तारखांमागून तारखा आणि शेवटी जमिनीवर जप्ती, हे चक्र नित्याचे झाले होते. तंटे आपसांत, पंचांच्या मध्यस्थीने मिटावेत म्हणून सभेच्या पुढाकाराने लवाद कोर्टे सुरू झाली. वकिलाने पक्षकारांना कोर्टाची पायरी चढू नका असे सांगावे, यात त्याच्या स्वतःच्या मिळकतीवर पाणी पडते. काकांनी ते आनंदाने पडू दिले. घरातही या विचाराला साथ होती. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई यांनी स्त्रियांसाठी स्त्री विचारवती सभा काढली. ज्या काळी बाईने चारचौघांत बोलणेही अमर्यादा समजले जाई, त्या काळी स्त्रियांनी एकत्र जमून विचार करावा हे मोठेच धाडस होते.

सभेच्या मर्यादाही नजरेआड करून चालणार नाही. तिचे नाव सार्वजनिक. पण तिचा कारभार पाहणारे बहुसंख्य लोक सुशिक्षित, उच्चवर्णीय आणि संपन्न थरातील होते. त्याच पुण्यात १८७३ साली सत्यशोधक समाज स्थापन करणाऱ्या जोतीराव फुले यांनी या विसंगतीवर कठोर टीका केली. शूद्रातिशूद्रांच्या नावाने बोलणाऱ्या संस्थेत शूद्रातिशूद्र कोठे आहेत, हा त्यांच्या टीकेचा रोख होता आणि तो निराधार नव्हता. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते जाळली, तेव्हा सभेपुढे मोठा पेच उभा राहिला. शेतकऱ्याचे दुःख तिने अभ्यासले होते, पण तिच्या सभासदांत सावकारही होते. वाढत्या शेतसाऱ्यावर बोट ठेवणे तिला सोपे गेले. कर्जाच्या पाशाविषयी बोलणे त्या मानाने अवघड. मात्र फुल्यांनी विचारलेला प्रश्न काकांच्याच प्रश्नाचे पुढचे पाऊल होते. कोणाच्या वतीने बोलता, असे एकदा जाहीरपणे विचारले गेले की ते विचारण्याचा हक्क सर्वांनाच मिळतो. मुखत्यारपत्राच्या अटीने सभेने स्वतःलाच मोजण्याचे माप लोकांच्या हाती दिले होते.

काकांच्या आयुष्यातील शेवटची कसोटी १८७९ साली आली. वासुदेव बळवंत फडके हे पुण्याच्या लष्करी हिशेब खात्यातील कारकून. दुष्काळात होरपळलेला मुलूख त्यांनी पाहिला होता, रानडे आणि काका यांच्या स्वदेशीच्या प्रचाराचाही त्यांच्यावर परिणाम झाला होता. पण अर्जांचा मार्ग सोडून त्यांनी रामोशी व इतर साथीदारांसह सशस्त्र बंड पुकारले. मे महिन्यात पुण्यातील बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा आगीत सापडले, तेव्हा सरकारचा संशय पुण्याच्या साऱ्या सुशिक्षितांवर गेला. रानड्यांची धुळ्याला बदली झाली. जुलैमध्ये फडके पकडले गेले आणि त्यांना पुण्यात आणून त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला उभा राहिला. त्यांचे वकीलपत्र घेणे म्हणजे स्वतःवर संशय ओढवून घेणे होते. नामवंत वकील मागे सरत असताना काका पुढे झाले.

फडक्यांचा मार्ग हा काकांचा मार्ग नव्हता. ज्या माणसाने आयुष्यभर सनदशीर अर्जांचा आग्रह धरला, त्याने शस्त्र उचलणाऱ्याच्या बाजूने उभे राहावे, हे वरवर विसंगत वाटते. पण काकांच्या दृष्टीने पक्षकाराचे मत आणि पक्षकाराचा हक्क या दोन भिन्न गोष्टी होत्या. आपली बाजू मांडण्यासाठी कोणी उभे राहावे, हा प्रत्येक माणसाचा हक्क आहे. तो पन्नास सह्या जमवणाऱ्या नागरिकाचा जितका, तितकाच एकट्या पडलेल्या आरोपीचाही. सहा हजारांचे मुखत्यारपत्र आणि एका बंडखोराचे वकीलपत्र त्यांच्या लेखी एकाच तत्त्वाचे होते. निकाल अपेक्षेप्रमाणे लागला. फडक्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा होऊन एडनला पाठवण्यात आले आणि १८८३ साली तेथेच त्यांचा अंत झाला.

तो अंत पाहण्यास काका हयात नव्हते. २५ जुलै १८८० रोजी, वयाच्या ५२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. दहा वर्षांच्या अविरत धावपळीने प्रकृती खंगली होती. पुण्याच्या सार्वजनिक जीवनाची सूत्रे त्याच वर्षी नव्या पिढीच्या हाती जाऊ लागली होती. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी काकांच्या निधनाच्या अवघे काही महिने आधी, जानेवारीत, न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले होते. पुढच्या वर्षी केसरी निघाला. १८८५ साली राष्ट्रीय सभेचे पहिले अधिवेशन पुण्यातच, सार्वजनिक सभेच्या यजमानपदाखाली भरायचे ठरले होते. पटकीच्या साथीमुळे ते ऐनवेळी मुंबईस हलवावे लागले. काका असते तर त्या अधिवेशनाच्या तयारीत त्यांचीच धावपळ सर्वांत अधिक दिसली असती.

सार्वजनिक सभेचा पुढचा प्रवास सरळ नव्हता. गोपाळ कृष्ण गोखले यांनी तिच्या चिटणीसपदावर काम केले. १८९५ साली ती टिळकांच्या पक्षाच्या ताब्यात गेली. रानडे आणि गोखले यांनी १८९६ साली डेक्कन सभा वेगळी काढली. दुष्काळात शेतकऱ्यांना त्यांचे हक्क समजावून सांगण्याची टिळकांची मोहीम सरकारला खुपली आणि १८९७ साली सभेची मान्यता काढून घेण्यात आली. लोकांच्या वतीने सभेने केलेले अर्ज यापुढे विचारात घेतले जाणार नाहीत, असा त्याचा अर्थ. ज्या सभेला लोकांनी सह्या करून अधिकार दिला होता, तिची मान्यता सरकारने काढून घेतली. पण सरकारने जे दिलेच नव्हते, ते सरकार कसे काढून घेणार? सह्यांचा अधिकार देणारे लोक होते आणि तो परत घेण्याचा हक्कही त्यांचाच होता.

सार्वजनिक काकांनी मोठा ग्रंथ मागे ठेवला नाही. त्यांच्या नावावर एखादा सिद्धांत नाही. त्यांच्या काळातील विद्वानांच्या मालिकेत त्यांचे नाव बहुधा एखाद्या ओळीत येते आणि पुढे सरकते. त्यांचा वारसा मात्र रोजच्या व्यवहारातला आहे. एखाद्या वस्तीतील पाण्याची तक्रार घेऊन महापालिकेच्या दारी जाणारे शिष्टमंडळ, घरोघरी फिरून सह्या गोळा करणारे कार्यकर्ते, फी न घेता लोकांचा अर्ज लिहून देणारा वकील, विकास आराखड्यावर नागरिकांच्या हरकती समजावून सांगणारा अभियंता, ही सर्व माणसे कळत नकळत त्यांच्याच वाटेने चालतात. आपल्या व्यवसायाचे ज्ञान असणाऱ्यांनी लोकांसाठी बोलण्यापूर्वी लोकांना विचारले पाहिजे, ही साधी अट त्यांनी दीडशे वर्षांपूर्वी घालून दिली. तज्ज्ञाकडे ज्ञान असते. अधिकार मात्र त्याला लोकांकडूनच मागून घ्यावा लागतो. मतदानाचा हक्क मिळून पिढ्या उलटल्यावरही ही अट जुनी झालेली नाही.